वनस्पतीचं नाव कळलं, कृतीचं काय?

१८६१ सालच्या जून महिन्याची गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या कूपर क्रीक नावाच्या ओढ्याकाठी बर्क, विल्स आणि किंग हे तीन शोधप्रवासी अडकून पडले होते. शिधा संपला होता. त्या भागातले मूळ रहिवासी, यांड्रुवांधा लोक, नार्डू नावाच्या पाण्याकाठच्या नेच्यासारख्या वनस्पतीचे दाणे दळून खातात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग तेही ते दाणे गोळा करून, दळून खाऊ लागले. पोट भरत होतं, पण अंगातलं बळ दिवसेंदिवस कमी होत गेलं आणि पाय उचलेनासे झाले. विल्सने तशी नोंदही रोजनिशीत करून ठेवली आहे. बर्क आणि विल्स थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले. किंग यांड्रुवांधांच्या आसऱ्याला गेला, त्यांच्या हातचं खाऊन राहिला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला.

नार्डूमध्ये थायमिनेज नावाचं एक द्रव्य असतं. ते शरीरातल्या ब-१ जीवनसत्त्वाची नासाडी करतं. हे जीवनसत्त्व संपलं की बेरीबेरी होतो. त्यात अन्न पोटात असूनही माणूस खंगत जातो. यांड्रुवांधा बायका ते पीठ भरपूर पाण्यात कालवून, ठरावीक पद्धतीने तयार करत आणि त्यासोबत मासे व इतर अन्न असे. शोधप्रवाशांची नेमकी कुठली पायरी चुकली यावर संशोधकांत अजून वाद आहे. दाणे मात्र तेच होते.

हा प्रसंग मी मुद्दाम आधी सांगितला, कारण आज आपल्या फोनवर जे येतं ते बहुतेक वेळा नुसतं नाव असतं. ‘ही पानं खा, साखर उतरेल.’ ‘हा पाला उकळून प्या, मुतखडा जाईल.’ सोबत एक फोटो. खाली कुणीतरी लिहितं की हे सगळं थोतांड आहे. दुसरं कुणी सांगतं की आमच्या आजीने हेच देऊन माणसं बरी केली. दोघं एकमेकांवर तुटून पडतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. रानातल्या वनस्पतींचं पारंपरिक ज्ञान खरं आहे. मात्र ते नावात नसून कृतीत असतं: कुठला भाग, कुठल्या वेळी, कसा तयार केलेला, किती आणि कशासोबत. एवढं कळलं की यातला बराच गोंधळ निवळतो.

झाडं ही रसायनं बनवतातच कशाला?

हरणामागे वाघ लागला तर हरीण पळतं. झाडाला पळता येत नाही. अळी आली, शेळी आली, बुरशी आली, तरी त्याला जागेवरच उभं राहावं लागतं. म्हणून कोट्यवधी वर्षांत वनस्पतींनी रसायनांची शस्त्रं घडवली. काही चवीला कडू, काही जिभेला टोचणारी, काही अळीचं पचन बिघडवणारी, तर काही थेट हृदयाच्या ठोक्यावर किंवा मेंदूवर काम करणारी.

यातल्या एका मोठ्या गटाला अल्कलॉइड म्हणतात. ही नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि थोड्या प्रमाणातही शरीरावर परिणाम करणारी वनस्पतिजन्य द्रव्यं. कॅफिन, निकोटिन, मॉर्फिन, क्विनाइन ही सगळी अल्कलॉइडच. हा एक शब्द लक्षात ठेवला तरी पुरे.

किड्याच्या मज्जातंतूंवर काम करणारं रसायन माणसाच्या मज्जातंतूंवरही काम करू शकतं, कारण आतली यंत्रणा बरीचशी सारखी आहे. म्हणून एकच रसायन कमी प्रमाणात औषध ठरतं आणि जास्त प्रमाणात विष. झाडाने ते आपल्या भल्यासाठी बनवलेलं नाही आणि आपल्या वाइटासाठीही नाही. ‘निसर्गाने माणसासाठी दिलेली देणगी’ ही भाषा ऐकायला गोड वाटते, पण तिने विचार चुकीच्या वाटेला लागतो.

आपल्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही असतात. गोडासाठी मात्र एकच प्रकार असतो. कडूबद्दल शरीर इतकं सावध आहे, कारण रानात कडू हीच पहिली धोक्याची घंटा असते.

आणि तरीही आजारी प्राणी मुद्दाम कडू शोधतात. १९८७ साली टांझानियातल्या महाले पर्वतात एक आजारी चिंपांझी मादी संशोधकांच्या नजरेस पडली. एरवी चिंपांझी ज्याच्या वाटेलाही फारसे जात नाहीत अशा कडू झुडपाची फांदी तिने तोडली, पानं आणि साल काढून टाकली, आतला गाभा चावून रस गिळला आणि चोथा थुंकला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हिंडूफिरू लागली. त्या भागातले लोक हेच झुडूप पोटाच्या विकारांवर वापरतात. २०२४ मध्ये सुमात्रातल्या एका ओरांगउटानाची बातमी जगभर गाजली. त्याने एका वेलीची पानं चघळून त्यांचा रस आणि लगदा गालावरच्या जखमेला लावला होता. ‘बघा, प्राण्यांनाही कळतं’ असं म्हणत लोकांनी ती बातमी एकमेकांना पाठवली. मला त्या चिंपांझी मादीचं जास्त नवल वाटतं. तिने पानं टाकून दिली आणि गाभा घेतला. त्या झुडपाची पानं गाभ्यापेक्षा अधिक विषारी असतात.

विष काढून टाकण्याच्या कृती

रानातलं अन्न म्हटलं की आपल्याला तोडणारे हात दिसतात. खरी बुद्धी तोडल्यानंतर लागते. धुणं, भिजवणं, किसणं, आंबवणं, राख घालून उकळणं, पाणी ओतून देणं या सगळ्या वरवर साध्या वाटणाऱ्या कामांत पक्कं रसायनशास्त्र आहे.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण कसाव्याचं, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याचं. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो आज रानटी राहिलेला नाही, लागवडीचा झाला आहे, पण रानातलं हत्यार त्याने टाकलेलं नाही. त्याच्या कडू जातींत सायनाइड तयार होण्याची सोय असते. दोन ट्यूबमधला गोंद आठवा. दोन्ही ट्यूब वेगळ्या असतात तोवर काही होत नाही, एकत्र कालवल्या की क्रिया सुरू होते. कसाव्याच्या पेशीत तसंच असतं. एका कप्प्यात सायनाइड बांधून ठेवलेलं द्रव्य, दुसरीकडे ते सोडवणारं विकर, म्हणजे एन्झाइम. उंदराने कंद कुरतडला की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड वायू सुटतो.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या बायकांनी हेच हत्यार उलटं फिरवलं. त्या कंद किसतात. म्हणजे पेशी मुद्दाम फोडतात, क्रिया पोटात न होता बाहेर होऊ देतात. मग कीस लांब विणलेल्या पिशवीत घालून पिळतात, थोडा वेळ राहू देतात आणि भाजतात. सायनाइड काही रसात वाहून जातं, काही उडून जातं. नुसता अख्खा कंद उकळला तर उष्णतेने ते विकरच निकामी होतं आणि विषाचा बराच भाग आत अडकून राहतो. म्हणजे इथे ‘चांगलं शिजवा म्हणजे झालं’ हा सल्ला पुरत नाही. आधी किसायचं, मग थांबायचं, मग शिजवायचं, हा क्रमच महत्त्वाचा.

सोळाव्या शतकात कसावा आफ्रिकेत पोचला. तिथल्या लोकांनी आपल्या पद्धती बसवल्या. अनेक ठिकाणी कंद तीन दिवस पाण्यात भिजवून आंबवतात. पण दुष्काळ किंवा युद्ध आलं, घाई झाली की पायऱ्या गळतात. काँगोच्या बांदुंदू भागात नवा पक्का रस्ता झाला, शहरात कसावा विकला जाऊ लागला आणि तीन दिवसांचं भिजवणं एका दिवसावर आलं. त्यानंतर तिथे कोंझो नावाचा आजार वाढलेला संशोधकांना आढळला. या आजारात मुलांचे आणि बायकांचे पाय अचानक, कायमचे ताठरतात. आहारात प्रथिनं कमी असली की धोका आणखी वाढतो, कारण सायनाइड निकामी करायला शरीराला प्रथिनांतलं गंधक लागतं. एका रस्त्याने दोन दिवस वाचवले आणि त्याची किंमत पायांनी मोजली, हे वाचल्यापासून मला ‘झटपट पारंपरिक पाककृती’ या शब्दांची भीती वाटते.

उपायही त्याच तर्कातून निघाला. कसाव्याचं पीठ पाण्यात कालवायचं, पातळ थरात पसरायचं आणि सावलीत ५ तास ठेवायचं. उरलेलं सायनाइड बरंचसं उडून जातं. ही कृती ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञांनी सुचवली आणि काँगोतल्या गावांत बायकांनी ती स्वीकारली. जुन्या आणि नव्या ज्ञानाने एकाच परातीत हात घातला तर काय होतं, याचं हे मला सगळ्यात आवडणारं उदाहरण.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. जपानमध्ये ब्रॅकन नावाच्या नेच्याचे कोवळे कोंब खातात, पण राखेच्या पाण्यात भिजवून. त्या नेच्यात कर्करोगाला कारण ठरणारं एक द्रव्य असतं आणि क्षारयुक्त पाण्यात ते मोडतं. धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. अँडीज पर्वतात रानबटाट्यांसोबत लोक एक खास चिकणमाती खातात. बटाट्यातली कडू विषारी द्रव्यं त्या मातीला चिकटतात आणि शरीरात शोषली न जाता बाहेर पडतात. आशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंत खाल्ल्या जाणाऱ्या अळूत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून अर्धकच्चं अळू घशाला टोचतं.

हिरव्या पाल्यात पोषण किती?

भरपूर असू शकतं. शेतातल्या भाज्या आपण पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू, जास्त पाणीदार आणि मोठ्या पानांच्या निवडत आलो. त्यात काही गुणही निसटले. घोळ नावाची जमिनीसरपट पसरणारी, तण म्हणून उपटली जाणारी भाजी घ्या. तिच्यात ओमेगा-३ प्रकारचं मेदाम्ल बहुतेक पालेभाज्यांहून जास्त असतं. त्याच घोळीत ऑक्झॅलेट नावाचं द्रव्यही भरपूर असतं आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्याने ही भाजी जपून खायला हवी. उकळून पाणी टाकलं की ऑक्झॅलेट बरंचसं निघून जातं.

लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या २०२० च्या अहवालात खाण्याजोग्या ७,०३९ वनस्पतींची नोंद आहे. त्यांतल्या भात, गहू आणि मका या फक्त तिघांवर माणसाच्या वनस्पतिजन्य उष्मांकांपैकी निम्म्याच्या आसपास भार आहे. तीन खांबांवर एवढं मोठं छप्पर! एखाद्या साली यातला एक खांब खचला तर काय, हा प्रश्न शेतीशास्त्रज्ञांना झोपू देत नाही. रानातल्या वनस्पतींकडे अन्न म्हणून नव्याने बघितलं जातंय त्यामागे हे मोठं कारण आहे.

मग औषध कधी होतं? मात्रेची गोष्ट

१७७५ साली इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरला एका घरगुती काढ्याबद्दल विचारणा झाली. श्रॉपशायरमधली एक म्हातारी बाई अंगावर पाणी साचून सूज येणाऱ्या रुग्णांना तो देत असे. डॉक्टरांनी हात टेकलेली माणसंही कधीकधी तिच्याकडे बरी होत. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्रही जाणत होता. त्याने ओळखलं की काम करणारी वनस्पती त्यांतली एकच, फॉक्सग्लव्ह, जिचं शास्त्रीय नाव डिजिटॅलिस.

पुढे विदरिंगने जे केलं त्यामुळे तो मोठा ठरतो. त्याने दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. कुणाला किती दिलं, काय झालं, कुणाला उलट्या झाल्या, कुणाची नाडी मंदावली, सगळं लिहिलं. अपयशही लिहिलं. पानं केव्हा तोडायची यावर त्याने कटाक्ष ठेवला: झाडाला फुलं येऊ लागतात त्या सुमारास. कारण वेगवेगळ्या ऋतूंत तोडलेल्या पानांची ताकद वेगवेगळी निघते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. १७८५ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकरूपात छापलं. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका वनस्पतीपासून मिळणारं डिगॉक्सिन आजही हृदयरोग्यांना दिलं जातं.

डिगॉक्सिनची गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. या अंतराला आपण ‘सुरक्षित पट्टा’ म्हणू. पट्टा रुंद असेल तर चमचाभर इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. अरुंद असेल तर मूठभर पाल्याच्या भरवशावर राहणं म्हणजे डोळे मिटून कड्यावरून चालणं. आपल्या हातातल्या वनस्पतीचा पट्टा किती रुंद आहे, हे चवीवरून किंवा रंगावरून कळत नाही.

ओळखण्यातली चूक तर याच्याही आधीची. युरोपात दर वसंतात लोक रानलसणाची पानं गोळा करतात आणि काहीजण चुकून कोल्चिकमची पानं उचलतात. दिसायला दोन्ही जवळपास सारखी. कोल्चिकममध्ये कोल्चिसिन असतं. गाउट या सांधेदुखीवर ते फार जुनं आणि आजही वापरलं जाणारं औषध आहे. पानांची भाजी करून खाल्ली तर त्यानेच जीव जातो. रानलसणाला वास असतो, कोल्चिकमला नसतो. पण दहा पानं चुरगळल्यावर हातालाच लसणाचा वास लागतो आणि अकरावं पान कुठलंही असो, वास येतोच. जाणकार माणूस म्हणूनच पानासोबत देठ, कंद, उगवण्याची जागा आणि हंगाम असं सगळं बघतो. फोटोवरून वनस्पती ओळखणाऱ्या ॲपवर खाण्यापुरता विश्वास ठेवू नये, हे मी ठामपणे म्हणेन.

पोथीतलं एक वाक्य आणि थंड पाणी

जुनं ज्ञान नव्या औषधापर्यंत कसं पोचतं याची सगळ्यात सुंदर कहाणी मलेरियाची आहे. १९६७ साली चीनने मलेरियावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प सुरू केला. जुनी औषधं निकामी होत चालली होती. तू यूयू या संशोधिकेच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांच्या आसपास नुस्खे गोळा केले. किंघाओ नावाची वनस्पती, म्हणजे आपल्या दवण्याची चुलत बहीण, अधूनमधून चांगला गुण दाखवायची आणि मग पुन्हा फसायची. असं का व्हावं?

उत्तर चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात होतं. त्याने लिहिलं होतं की मूठभर किंघाओ पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि तो प्या. उकळा असं कुठेच नव्हतं! तू यूयूंच्या मनात आलं की उष्णतेने आतला गुण नष्ट होत असेल. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरमधल्या त्या अर्काने उंदरांमधले मलेरियाचे परजीवी पूर्ण नष्ट केले. माणसांवर वापरण्याआधी तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, लाखो जीव वाचले आणि २०१५ साली तू यूयूंना नोबेल मिळालं.

सोळाशे वर्षं त्या ग्रंथात वनस्पतीचं नाव होतंच. गाठ सुटली ती कृतीच्या एका तपशिलाने.

‘मग किंघाओचा चहाच का पिऊ नये?’ असं विचारणारे आहेत आणि प्रश्न रास्त आहे. आर्टेमिसिनिन पाण्यात फारच कमी विरघळतं. प्रत्येक कपात किती उतरेल याचा नेम नाही. अपुऱ्या मात्रेने परजीवी मरत नाहीत, औषधाला सरावतात आणि पुढे सगळ्यांसाठीच औषध बोथट होतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना हा चहा किंवा पाल्याच्या गोळ्या मलेरियावर वापरू नका असं सांगते.

कधीकधी परंपरेने दाखवलेलं दार एकीकडचं असतं आणि आत मिळतं भलतंच. सदाफुलीच्या पानांचा चहा जमैकात मधुमेहावर घेत. १९५० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी तो उंदरांवर तपासला. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. रक्ताच्या कर्करोगात नेमक्या याच पेशी बेसुमार वाढतात. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन ही औषधं आली. लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन आजही आहे. ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळका पाला लागतो. ते शिरेतून, अत्यंत काटेकोर मोजून देतात. ‘सदाफुलीची चार पानं रोज खा, कर्करोग होणार नाही’ असा निरोप जेव्हा फिरतो तेव्हा खऱ्या शोधाचं शेपूट धरून खोटं पुढे चाललेलं असतं. पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य निरोगी माणसाने रोज अंदाजाने खायचं, याचा अर्थ काय होतो?

‘हजारो वर्षं वापरतात. धोका असता तर कळला नसता का?’

या आक्षेपात अर्धं तथ्य आहे आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. खाल्ल्यावर तासाभरात उलटी झाली, अंग सुजलं, माणूस दगावला, तर गाव ते कधी विसरत नाही. तात्काळ होणारे परिणाम टिपण्यात परंपरा तरबेज असते. ताप उतरणं, जुलाब थांबणं, दुखणं कमी होणं हे तिने पिढ्यान्‌पिढ्या नीट पाहिलेलं आहे.

पण परिणाम वीस वर्षांनी दिसत असेल तर? आज घेतलेला काढा आणि वीस वर्षांनी बिघडलेलं मूत्रपिंड यांचा धागा जोडायला नोंदी लागतात, खूप माणसं लागतात, तुलना लागते. तिथे परंपरेची नजर पोचत नाही आणि यात परंपरेचा दोष नाही.

ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती युरोपात आणि आशियात शतकानुशतकं औषध म्हणून वापरल्या गेल्या. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे त्यांतल्या कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. गोळ्यांत एक चिनी वनस्पती घालायची होती. चिनी नाव जवळजवळ तेच असल्याने तिच्याऐवजी ॲरिस्टोलोकिया पडली होती. या कुळातलं आम्ल पेशींच्या डीएनएला चिकटतं. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी काही गावांत मूत्रपिंडाचा एक गूढ आजार अनेक दशकं होता. तिथे गव्हाच्या शेतात याच कुळातलं एक तण वाढायचं आणि त्याचं बी गव्हासोबत दळलं जायचं. रोज भाकरी खाणाऱ्या माणसांना ते कसं कळणार होतं?

याला एक उलट बाजूही आहे. सर्दी, साधा ताप, कंबर धरणं ही दुखणी बहुधा आपोआपच बरी होतात. ज्या दिवशी काढा घेतला त्या दिवसाला श्रेय मिळतं. म्हणून संशोधक दोन गट करतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं निरुपद्रवी काही देतात आणि मग फरक बघतात. परंपरेवरचा तो अविश्वास नाही. एकाच घरात राहून जे दिसत नाही ते बघायची ती रीत आहे.

‘अख्खी वनस्पती घ्यावी, एकच घटक का काढायचा?’

कारण मोजता यावं म्हणून. एकाच आंब्याच्या झाडाची दोन फळं सारखी गोड नसतात. तसंच एकाच जातीच्या दोन झाडांत, दोन ऋतूंत, उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांत औषधी द्रव्याचं प्रमाण कितीतरी वेगळं असू शकतं. रुंद पट्ट्याच्या वनस्पतींना हे चालून जातं. डिजिटॅलिससारखीला चालत नाही.

अनेक घटक मिळून जास्त चांगलं काम करतात हा दावा काही वनस्पतींबाबत खरा असू शकतो. त्याची तपासणी चालूही आहे. पण प्रत्येक वेळी ते खरं नसतं. विलो झाडाच्या सालीने ताप उतरतो हे एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने १७६३ मध्येच रॉयल सोसायटीला कळवलं होतं. सालीतून निघालेल्या सॅलिसिलिक आम्लाने पोटाची आग व्हायची. १८९७ मध्ये बायर कंपनीत त्याच्यात छोटासा बदल केला गेला आणि ॲस्पिरिन आलं. इथे फेरफारच रुग्णाच्या सोयीचा ठरला.

‘डॉक्टर अशी औषधं देत का नाहीत?’ असंही विचारतात. देतात. आपल्याला ती गोळीच्या रूपात ओळखू येत नाहीत, इतकंच. डॉक्टरांची खरी चिंता वेगळी आहे: रुग्ण गोळीही घेतो, काढाही घेतो आणि काढ्याचं सांगत नाही. युरोपात मन उदास असताना सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतात. सौम्य उदासीवर तिचा उपयोग चाचण्यांतही दिसला आहे. पण ती यकृतातली विकरं वाढवते आणि दुसरी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. गर्भनिरोधक गोळ्या, एचआयव्हीची औषधं, प्रत्यारोपणानंतर नवा अवयव टिकवणारी औषधं अशाने तोकडी पडतात. डॉक्टरांना सांगताना ‘गोळ्या’ म्हणून थांबू नका, काढे आणि चूर्णंही सांगा. दडवू नका, मग समोरचा वैतागला तरी चालेल.

रान उरलं तर

उपयोग कळला की ओरबाडणं सुरू होतं. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून १९६० च्या दशकात टॅक्सॉल हे कर्करोगाचं औषध हाती लागलं आणि १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. साल सोलली की झाड मरतं, शिवाय ते झाड वाढतं फार हळू. एकेका रुग्णासाठी कित्येक झाडं तोडावी लागली असती. शेवटी युरोपातल्या यूच्या पानांतून एक जवळचं द्रव्य काढून त्याचं टॅक्सॉल बनवायची रीत सापडली. पानं तोडली तर पुन्हा येतात. सर्पगंधाच्या नशिबी अशी वेळेवरची सुटका नव्हती. रुस्तम वकील या मुंबईच्या डॉक्टरांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा गुण इंग्लंडमधल्या नियतकालिकात मांडला, १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळं झालं आणि जगभरातून मागणी आली. मूळ काढायचं म्हणजे रोप उपटायचं. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

आणि ज्यांनी सांगितलं त्यांना काय मिळालं? १९८७ साली केरळच्या अगस्त्य डोंगरात वनस्पतिशास्त्रज्ञांचा गट हिंडत होता. सोबतचे कानी आदिवासी वाटाडे कसलीशी फळं खात आणि थकत नसत. खूप विनवल्यावर त्यांनी आरोग्यपच्चा नावाची वनस्पती दाखवली. तिच्यापासून औषध तयार झालं आणि त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने परवान्यापोटी मिळालेल्या रकमेचा निम्मा वाटा कानी लोकांच्या विश्वस्त निधीला दिला. पुढे त्यात अडचणीही आल्या. तरी सांगणाऱ्याचा वाटा मान्य करणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत तो मोडतो. २०१० च्या नागोया कराराने हेच तत्त्व देशांसाठी नियम म्हणून मांडलं. माझ्या मते वाट्याचा हा प्रश्न वनस्पतींच्या संशोधनाला चिकटलेला नंतरचा विचार मानणं चूक आहे. म्हाताऱ्या बाईचा काढा विदरिंगच्या नावाने ओळखला जातो आणि त्या बाईचं नाव कुठेच नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या २३६ भाषांमधले वनस्पतींचे १२,४९५ औषधी उपयोग तपासले गेले. तीन चतुर्थांशांहून अधिक उपयोग फक्त एकेका भाषेत माहीत होते. शेजारच्या भाषेलाही ते ठाऊक नव्हते. बऱ्याच ठिकाणी वनस्पतीपेक्षा भाषेलाच धोका जास्त आहे. झाड उभं राहील आणि ते कसं वापरायचं हे सांगणारं वाक्य जाईल.

तुमच्या ओळखीत रानातलं खाणारं किंवा औषध देणारं कुणी जुनं माणूस असेल तर त्याच्यापाशी बसा आणि नुसतं नाव लिहून घेऊ नका. कोवळं पान की जून? फूल येण्याआधी की नंतर? मूळ असेल तर किती वर्षांच्या रोपाचं? कच्चं, भाजून की आंबवून? कुणाला मुळीच द्यायचं नाही, गरोदर बाईला, लहान मुलाला? सोबत काय खायचं आणि काय टाळायचं? त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काय उगवतं आणि ते कसं ओळखायचं? आणि हे नक्की विचारा: उकळल्यावर पाणी ठेवायचं की ओतून द्यायचं, आणि किती वेळा?